पावसाळ्यात दिलेला रंग

यंदाही आमच्या पुढच्या सोप्यातल्या भिंतीला पोपडे आले. आषाढ निम्मा सरला, आठवडाभर ऊन दिसलं नाही आणि भिंतीचा निळा रंग जागोजागी फुगून आला. नुसतं बोट टेकवलं तरी भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि आतून जुना पिवळा डोकावतो. शालन, म्हणजे माझी बायको, रोज सकाळी केर काढताना ते निळे कपटे सुपलीत गोळा करते आणि बाहेर टाकून येते. पावसाळ्यात भिंत रंगवू नये हे आमच्या गल्लीत कोणाला शिकवावं लागत नाही. तरीही ही भिंत पावसाळ्यातच रंगवली गेली, आणि ती का रंगवली हेही सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे कोणी विचारत नाही.

असा पाऊस लागून राहिला की माझा स्वभाव बिघडतो. धो धो पावसाचं मला काही वाटत नाही. तो येतो, चार झाडं पाडतो, ओढा भरतो आणि निघून जातो. पण हा जो दिवसभर भुरभुरत राहतो, धड पडत नाही आणि धड थांबतही नाही, तो आला की कोणाच्या ‘बरं आहे’वर माझा विश्वास बसत नाही. डॉक्टर म्हणाले सगळं नॉर्मल आहे, तर मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहतो. औषधाच्या दुकानातला पोऱ्या म्हणाला ‘गोळी तीच आहे काका, फक्त कंपनी वेगळी’, तर मी पाकीट उजेडाला धरून वाचतो, चष्मा नसला तरी. शालन म्हणते, “ह्यो पाऊस तुमी तिकडनं आणलाय. बॅगंतनं.” तिचं अगदीच चुकीचं नाही.

तिकडं म्हणजे ग्लासगोला. आमचा मुलगा प्रशांत तिथं नोकरीला आहे. सूनबाईची, मृणालची, बाळंतपणाची रजा संपली आणि बाळाकडं बघायला माणूस हवं झालं. खरं तर जायचं होतं शालननं. पण आमची म्हैस नेमकी व्यायला झालेली. शालननं एकदा म्हशीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि निकाल दिला, “तुमी जावा. तुमचं हितं काय अडतंय?” सैन्यात सुभेदारपर्यंत पोचलेल्या माणसाची घरातली किंमत अशी एका वाक्यात कळली. रंगपंचमी झाली आणि मी विमानात बसलो. व्हिसा होता सहा महिन्यांचा.

आता माझ्या संशयी स्वभावाबद्दल सांगायला हवं, कारण तो जन्मापासूनचा नाही. तो मला गावानंच लावला.

आमचा उंब्रजकडचा भाग फौजेचा. गल्लीत बघाल तिथं घरातलं एक माणूस वर्दीतलं. अशा गावांत एक रीत आपोआप पडून जाते. लांब असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. तो तिकडून काय करणार? जेवण टाकेल, झोप टाकेल, पहाऱ्यावर चुकेल. रजेवर येईल तेव्हा कळेलच की. त्यामुळं आमच्या गावातून निघणाऱ्या पत्रांत कधी बैल मरत नसे, ऊस जळत नसे, म्हातारी माणसं खोकतसुद्धा नसत. सगळे कायम खुशाल.

मी सिग्नलमध्ये होतो, नवा नवा, पार ईशान्येला. वर्षानं रजा मिळाली आणि कराड स्टेशनला उतरलो. धाकटा भाऊ दत्तू घ्यायला आला होता आणि त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. दत्तू तेव्हा कॉलेजला जाणारा, खिशात कंगवा ठेवणारा, केसांचा कोंबडा काढणारा. चुलत्याच्या लग्नात टोपी घाल म्हणून सगळ्यांनी विनवलं तरी त्यानं घातली नव्हती. मी म्हणालो, “काय रं, पुढारी झालास व्हय?” तो हसला. उंब्रजपर्यंत एसटीत तो उसाबद्दल बोलत राहिला; लावण कधी केली, पाणी कसं पुरलं, कारखान्याची ऊसतोड टोळी कधी येणार. मी पेंगत पेंगत ऐकत होतो. उंब्रजला उतरलो, गावाकडं चालायला लागलो, ओढा ओलांडला. आमचं घर दिसायच्या वळणावर तो थांबला आणि त्यानं टोपी काढली. खाली नुसते खुंट होते. “आबा गेलं, आण्णा,” तो म्हणाला. वडील जाऊन महिना होऊन गेला होता.

मला त्यांचा राग आला नाही. रीतीप्रमाणंच वागले होते सगळे. पण तेव्हापासून खुशाली ऐकली की माझे कान टवकारतात, आणि गावचं कोणी घ्यायला आलं की मी आधी त्याच्या डोक्याकडं बघतो.

ग्लासगोतले पहिले महिने बरे गेले. सकाळी मृणाल आणि प्रशांत कामाला जायचे आणि मी आणि नातू एकमेकांवर नजर ठेवून बसायचो. त्यालाही माझा भरवसा वाटत नसावा. दुधाची बाटली तोंडाशी नेली की आधी माझ्याकडं बघायचा, मग बाटलीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. रक्त बोलतं म्हणतात ते असं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. काळपट तांबड्या दगडाच्या इमारती, खाली ओला रस्ता, त्यावरून पाणी उडवत जाणाऱ्या दुमजली बस. खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई राहायची. ती रोज कुत्र्याला घेऊन निघायची आणि भर पावसात माझ्याकडं बघून म्हणायची, “लव्हली डे!” पहिल्यांदा मी आकाशाकडं पाहिलं. नंतर वाटलं, हिचाही कोणी मुलगा कुठंतरी लांब असणार आणि हिला खुशाली पाठवायची सवय लागली असणार.

मी जेवायला बसायचो तेव्हा आमच्याकडं धारेची वेळ व्हायची. शालन गोठ्यातूनच व्हिडिओ कॉल लावायची. फोन कुठंतरी खुंटीला अडकवलेला, त्यामुळं मला निम्मी शालन आणि आख्खी म्हैस दिसायची. बादलीत धारेचा आवाज, रेडकाची ओढाओढ, आणि या सगळ्यात मला शिव्या. मोटरची चावी कुठं ठेवली, बँकेच्या माणसाचा फोन का उचलला नाही, जाताना छत्री कुठं ठेवून गेलात. लांबून का होईना, पण रोजचं बोलणं बसत होतं, त्यामुळं घर जागेवर आहे याची खात्री होती.

आषाढ सरत आला आणि शालन गोड बोलायला लागली.

“जेवलात का?”

“जेवलो. मोटरचं काय झालं?”

“व्हईल की. तुमी कशाला घोर करताय? तब्येतीला जपा.”

पस्तीस-चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या तब्येतीची चौकशी तिनं अशा आवाजात कधी केली नव्हती. मी फोन ठेवला आणि बराच वेळ हातातल्या घासाकडं बघत बसलो. सिग्नलमध्ये आम्हाला एक शिकवलं होतं. रोज खरखरणारा वायरलेस सेट एक दिवस स्वच्छ ऐकू यायला लागला तर आनंद मानायचा नाही, आधी पलीकडं कोण बसलंय ते बघायचं.

त्यानंतर ती गोठ्यातून बोलेनाशी झाली. कायम बसलेली, कायम पाठीमागं भिंत, पायावर चादर. आणि ती भिंत निळी होती. आमची भिंत पिवळी. माझ्या हातानं मी तिच्यावर दोन हात मारले होते, दिवाळीच्या आधी, चांगल्या उन्हात.

“ही भित निळी कशी?”

“रंग दिला की.”

“आषाढात?”

“भावजींनी हौसंनं दिला.”

“वाळला?”

“वाळतोय,” ती म्हणाली आणि नातवाला दाखवा म्हणून मागं लागली.

दत्तूला हौस? ज्या दत्तूच्या स्वतःच्या दाराला त्याच्या लग्नापासून रंग नाही त्याला माझी भिंत रंगवायची हौस, तीही आषाढात? मी ते गिळलं, पण ते खाली उतरलं नाही. मग रोज काहीतरी नवीन निघायला लागलं. एकदा बोलताना मागून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. आमच्या गल्लीत बैलगाडी वळवताना मारामार, तिथं रिक्षा? ती म्हणाली, “पाव्हणं आल्यात कुणाकडं तरी.” दुसऱ्या दिवशी तोच हॉर्न. पाहुणे मुक्कामाला असतील. मग एका संध्याकाळी पावसाचं बोलणं निघालं. मी विचारलं नदीला पाणी किती आहे, तर ती म्हणाली, “लय हाय. पुलाला लागाय आलंय म्हनं.”

आता कृष्णा आमच्याकडंही आहे आणि खाली सांगलीलाही आहे, नदी एकच. पण आमच्या गावात पुराचं पाणी पुलावरून कोणी मोजत नाही. आमच्याकडं महादेवाच्या पायऱ्या आहेत. पाणी तिसऱ्या पायरीला आलं, नंदीला आलं, गाभाऱ्यात गेलं, असं बोलतात. पुलाकडं बघून पाणी सांगतात ते सांगलीकर. शालनचं माहेर तिकडचं, तिची धाकटी बहीण कुसुम सांगलीतच दिलेली. जुनी सवय असेल, अशी मी माझी समजूत घातली. समजूत घातल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही.

तो दिवस मी परत यायच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यातला. सकाळपासून पाऊस होता, तसलाच, बारीक पिठासारखा. खिडकीच्या काचेवर थेंब बनतच नव्हते, नुसता ओलावा धरत होता. समोरच्या इमारतीवर एक कबुतर अंग फुगवून बसलं होतं. बाळ झोपलं होतं. माझी बॅग कोपऱ्यात निम्मी भरलेली, वर चॉकलेटची पाकिटं, शालनसाठी घेतलेली लोकरी शाल, दत्तूसाठी जर्किन. मृणाल ऑफिसला गेली होती आणि प्रशांत त्या दिवशी घरूनच काम करत होता. वेळ पुढं सरकत नव्हता. घड्याळ चालतंय का म्हणून मी एकदा कानाला लावून बघितलं.

पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडं गेलो तर आत प्रशांत फोनवर बोलत होता. मराठीत आणि हळू आवाजात. घरात आम्ही दोघंच असताना तो हळू का बोलतोय?

“मावशी, थोडेच दिवस राहिलेत आता,” तो म्हणत होता. “बाबांना कळता कामा नये.” मग किटलीचं पाणी उकळायला लागलं आणि पुढचं ऐकू आलं नाही.

मी पाणी न पिताच मागं फिरलो. खिडकीपाशी येऊन बसलो. निळी भिंत, रिक्षा, पूल आणि आता मावशी. चारी गोष्टी सांगलीकडं बोट दाखवत होत्या. शालन आमच्या घरी नव्हतीच. ती कुसुमच्या घरी होती. आणि दुभत्या म्हशीला टाकून शालन महिनाभर बहिणीकडं राहते? म्हशीसाठी तिनं विमान सोडलं होतं, सख्खा नातू सोडला होता! आमच्याकडचा माणूस सांगलीला लग्नाला जातो, बाजाराला जातो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येतो. लांब मुक्कामाला जातो तो बहुतेक एकाच कारणानं. शेजारी मिरज आहे, मिरजेत मोठे दवाखाने आहेत आणि पेशंटला घेऊन उतरायला सांगलीत पाहुण्यांचं घर असतं.

मी घाबरलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. तिच्याशिवायचं घर डोळ्यांपुढं आलं. गोठ्यात कोणी नाही, चूल गार, मोटरची चावी जिथं ठेवली तिथंच, कारण ती कुठं आहे म्हणून ओरडणारं कोणी नाही.

आणि एकदा संशयाला वाट मिळाली की तो कुठवर जाईल याचा नेम नसतो. मला आठवलं, हल्ली म्हणे माणूस नसतानासुद्धा त्याचं बोलतं तोंड फोनवर दाखवता येतं. प्रशांतनंच मला तसलं काहीतरी दाखवलं होतं, हसत हसत. त्याचं कामच कॉम्प्युटरचं. मग ती गोड बोलणारी शालन, चादर पांघरून एका जागी बसलेली, ओरडत नाही, उठत नाही, म्हशीचं नाव काढत नाही, ती कोण होती? गेला महिनाभर मी कोणाशी बोलत होतो?

आज हे लिहिताना मला हसू येतं. त्या खिडकीत मला हसू आलं नव्हतं. आमच्या घरात माणूस गेलं तर ते मला कळवणार नाहीत, एवढं मला अनुभवानं पक्कं ठाऊक होतं. आणि शालनचं काही बरंवाईट झालं असतं तर? मी इथं, प्रशांत इथं. अग्नी द्यायला दत्तूशिवाय दुसरं होतं कोण? दत्तूनं दिला असता. आणि केसही त्यानंच उतरवले असते.

आदल्या दिवशीच मी शालनला म्हटलं होतं की दत्तूचं तोंड बघून फार दिवस झाले, उद्या त्यालाही बसव. त्या वेळी मनात काही नव्हतं. आता मी फोन पुढ्यात ठेवून त्या वेळेची वाट बघत बसलो.

फोन वाजला. निळ्या भिंतीपुढं दत्तू बसला होता. डोक्यावर लोकरीची टोपी, कानापर्यंत ओढलेली.

“आण्णा, कसं काय? बरं हाय न्हवं?”

“टोपी काढ.”

“आँ?”

“टोपी काढ, दत्तू.”

“गारठा हाय वं हितं. चार दिस झालं झड लागलिया…”

“काढ म्हणतो न्हवं!”

माझा आवाज चढला तसा प्रशांत आतून धावत आला आणि दारातच थांबला. फोनमधला दत्तू माझ्याकडं बघत राहिला. आधी त्याला काही उमजलं नाही, मग एकदम उमजलं. मला दिसलं ते. ओढ्यापलीकडचं वळण त्यालाही आठवलं असणार. त्याचा चेहराच उतरला. त्यानं दोन्ही हातांनी टोपी काढली आणि डोकं फोनच्या अगदी जवळ आणलं. पांढरे, दाट, न विंचरलेले केस. सगळेच्या सगळे.

“वैनी हायती, आण्णा,” तो म्हणाला. “ह्या बगा, हितंच बसल्यात.”

मला रडू आलं. नातू जागा होईल म्हणून मी तोंडावर टॉवेल धरला. तेवढ्यात फोन त्याच्या हातातून ओढून घेतलेला दिसला आणि शालनचा आवाज आला, तिचा स्वतःचा, गोठ्यातला.

“काय याड लागलंय का तुमास्नी? भावजी पडशानं हैराण झाल्यात आन् तुमी त्यास्नी टोपी काढाय लावताय? तितं बसून हुकूम सोडाय काय जातंय तुमचं? सुभेदारकी संपली म्हणावं, पेन्शन खावा गप!”

महिनाभरानं ती माझ्यावर ओरडली. असं ओरडणं कुठल्या कॉम्प्युटरला जमणार नाही. मी टॉवेल बाजूला केला. शालन होती, जिवंत होती, रागानं लाल झाली होती. मला इतकं बरं वाटलं की मी मूर्खासारखा पुढं बोलून बसलो.

“जरा उभी ऱ्हा बगू.”

तिनं पायावरची चादर ओढून घेतली.

“कशाला?”

“उभी ऱ्हा नुसती. बगतो.”

तिनं एकदा बाजूला पाहिलं, दत्तूकडं. मग तिनं जमिनीला हात टेकला आणि चादरीखालचा एक पाय सरळ करायला लागली. तिचे ओठ आवळलेले मला दिसले. पुढच्या क्षणी फोन घसरला आणि उताणा पडला. आवाज येत होते, कोणीतरी “हळू, हळू, अक्का” म्हणालं, तो कुसुमचा आवाज होता. फोनमध्ये मला छत दिसत होतं. आमच्या सोप्यावर पत्रा आहे, लाकडी वाशांवर बसवलेला. इथं पांढरा स्लॅब होता आणि मधोमध एक पंखा. मी त्या पंख्याकडं बघत राहिलो.

शालननं फोन उचलला. कपाळावर घाम होता. “घसारला फोन,” ती म्हणाली.

मी बोललो असतो तर सगळंच्या सगळं उघडं पडलं असतं. प्रशांत दारात उभा होता, त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिकडं दत्तू टोपी हातात धरून. कुसुम कुठंतरी भिंतीला चिकटून, श्वास रोखून. मला कळू नये, मी अर्ध्यात परत येऊ नये, बाळाचे हाल होऊ नयेत, म्हणून ही सगळी माणसं महिनाभर एका निळ्या भिंतीला टेकू देऊन उभी होती. काय झालंय ते अजून मला नीट ठाऊक नव्हतं. पण ती ओरडू शकत होती. उभं राहायला सांगितल्यावर निदान प्रयत्न करत होती. तेवढ्यावर मी आठवडा काढू शकलो असतो.

“बरं,” मी म्हणालो. “निळा रंग चांगला दिसतोय. आल्यावर नीट बगतो.”

तिनं पदरानं कपाळ पुसलं.

“हिकडं समदं खुशाल,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

प्रशांतनं विचारलं, “बाबा, काय म्हणाली आई?” मी म्हटलं, “बरी आहे.” आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग दोघंही बाळ उठलं का ते बघायला गेलो. बाळ गाढ झोपलं होतं.

परत आलो तेव्हा गणपती तोंडावर आले होते. पुण्याहून गाडीनं उंब्रजला पोचलो तर पाऊस भुरभुरत होता. हायवेच्या कडेला दत्तू उभा होता, छत्री बगलेत मिटलेली आणि डोकं उघडं. केसांतून पाणी निथळत होतं. मला लांबूनच दिसावं म्हणून तसा उभा होता तो. मी उतरून त्याला मिठी मारली. गावापर्यंत या वेळी तो उसाबद्दल एक शब्द बोलला नाही. मीच बोललो.

घरापाशी आलो. भाकरतुकडा ओवाळायला शालन पायरीपर्यंत येईल असं वाटलं होतं. ती आली नाही, तुकडा दत्तूच्या बायकोनं ओवाळून टाकला. शालन सोप्यात आतल्या दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती, ताठ. इस्त्रीचं पातळ, अंबाड्यावर गजरा. “आलात?” म्हणाली. “आलो,” म्हणालो. आणि मग मला भिंत दिसली.

भिंत निळी होती. सांगलीतल्या भिंतीसारखीच निळी, वरपासून खालपर्यंत, अगदी दिव्याच्या कोनाड्याच्या आतसुद्धा. रंगाचा वास अजून घरभर होता. फोनवर मी ‘आल्यावर नीट बगतो’ म्हणालो आणि दत्तूची झोप उडाली होती, हे मला मागाहून कळलं. बिचाऱ्यानं कुसुमच्या भिंतीचा पोपडा खिशात घालून कराडातली दुकानं पालथी घातली होती, तोच रंग मिळवायला. टोपीच्या दिवशीही तो माझ्याशी बोलण्यासाठी म्हणून सकाळच्या एसटीनं सांगलीला गेला होता, घरातल्या भिंतीपुढं बसल्यासारखा दिसावा म्हणून.

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी प्रवासानं माझी कंबर मोडली होती. बूट काढले, पोत्यावर बसलो आणि सवयीनं पाठ भिंतीला टेकली.

“आवं, वल्ला हाय!”

शालन ओरडली आणि चौकट सोडून माझ्याकडं धावली. धावली म्हणजे, डावा पाय पुढं पडला आणि उजवा मागून फरफटत आला. तिच्या ते ध्यानात आलं तेव्हा ती सोप्याच्या मधोमध होती. तिथंच थांबली. आता मागं जाऊन चौकट धरण्यात अर्थ नव्हता आणि पुढं यायला धरायला काही नव्हतं.

मी उठलो आणि तिला धरलं.

“गोठ्यात घसारलो,” ती माझ्या खांद्याशी म्हणाली. “रेडकानं दावं वढलं आन् पाय मोडला. मिरजंला पट्टी घातली आत, लोखंडाची. तुमी येनार म्हनून रोज चालून बगत हुतो. सकाळपास्नं नीट चालत हुतो वं मी. आत्ताच…” आणि ती रडायला लागली. दत्तूची बायको आत निघून गेली.

“मला ठावं हुतं,” मी म्हणालो.

“कवापास्नं?”

“कुसुमचा पंखा दिसला तवापास्नं.”

“आन् गप बसलासा?” तिनं माझ्या पाठीत जोरात धपाटा मारला. मग आपल्या तळहाताकडं पाहिलं. तो निळा झाला होता.

रंग कधी वाळलाच नाही. वाळला म्हणावा तर दर पावसाळ्यात पुन्हा फुगतो. दत्तू म्हणतो, “आण्णा, दिवाळीला चांगल्या उन्हात खरडून परत पिवळा देऊ.” मी म्हणतो बघू. आज सकाळीही शालननं कपटे गोळा केले. झड लागली की तिचा उजवा पाय ठणकतो. हे ती सांगत नाही, पण केर काढताना मध्येच उंबऱ्यावर बसते आणि घोटा चोळते.

“पाय कसा हाय?” मी विचारतो.

“बरा हाय.”

“उभी ऱ्हा बगू.”

ती माझ्याकडं रागानं बघते. मग केरसुणी खाली ठेवते, भिंतीला हात लावते आणि उभी राहते. माझं समाधान होईपर्यंत तशीच उभी राहते. मग मी तिला बस म्हणतो.